रेशमाआधी मांजरपाट

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये दिवसभर ज्या शिवणयंत्रांचा खडखडाट कानी पडतो, त्यांवर मुख्यत्वे जीन्सचे जाडेभरडे कापड शिवले जाते. जाड सुई, जाड दोरा, दुहेरी टीप आणि हाताचा वेग एवढ्या भांडवलावर तेथील कारागीर आपले काम तडीस नेतो, आणि एखादी टीप वाकडी गेलीच, तर ती उसवून त्याच जागी दुसरी मारण्यास त्याला पळभरही विचार करावा लागत नाही, कारण सुईची भोके त्या कापडाच्या खिजगणतीतही नसतात. फाळणीनंतर सिंध प्रांतातून परागंदा झालेल्या कुटुंबांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरची कोनशिला बसली, आणि त्या बराकींतून पुढे जे उद्योगधंदे उभे राहिले, त्यांत कापडाच्या व्यापाराने आणि शिवणकामाने मोठे स्थान मिळविले, हे या भागात सर्वश्रुत आहे. त्यामुळे अंबरनाथ-बदलापूरच्या गृहिणीला कापड, अस्तर, हूक, दोरा, जरीची लेस यांपैकी कशाचीच वानवा पडत नाही. गजानन मार्केट किंवा जपानी बाजार येथे एक फेरी मारली की सारा सरंजाम पिशवीत येतो. तथापि कापड हाती आले म्हणजे हातही तयार झाला असे होत नाही, आणि जीन्सच्या हिशेबाने रेशमाला हात घातला, तर पैठणीच्या ब्लाउजपीसची माती होण्यास एक दुपार पुरते.

रेशमी ब्लाउज घरी शिवूच नये, तो चांगल्या शिंप्याच्या हवाली करावा, असे मानणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत, आणि लग्नसराईत शिंप्याच्या दारी खेटे घालण्याची त्यांची तयारी असेल, तर त्यांच्या मताला माझी हरकत नाही. परंतु जिला साधा सुती ब्लाउज नीट शिवता येतो, तिला रेशमी ब्लाउज शिवता येऊ नये, असे त्या कापडात गूढ काहीही नाही. रेशमात सुईचे भोक पडले की ते बहुधा कायमचे राहते. त्याचे धागे गुळगुळीत असल्याने ताण पडताच शिवणीजवळ ते सरकतात आणि तेथे जाळी दिसू लागते. पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो आणि घाम मुरला तर कापड विरते. या तीन गोष्टी पक्क्या ध्यानात घेतल्या म्हणजे बाकीची सारी शिस्त त्यांतूनच निघते. ती शिस्त अशी की ज्या काही चुका व्हावयाच्या आहेत, त्या रेशमाला कात्री लागण्यापूर्वीच स्वस्त मांजरपाटात करून मोकळे व्हावे. मांजरपाट हा मसुदा समजावा आणि रेशीम ही त्याची स्वच्छ प्रत. या लेखात मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते याच संदर्भात: ब्लाउज अंगाला बसला नाही की बगलेची शिवण दाबावयाची किंवा सोडावयाची, या एकाच उपायावर आपल्याकडे जो सर्रास भरवसा ठेवला जातो, तो दहांतील सहा-सात वेळा चुकीचा असतो, कारण चुणी जेथे पडते तेथे तिचा उगम क्वचितच असतो.

आधी कापडाविषयी. दुकानदार ज्याला मोघमपणे 'सिल्क' म्हणतो, त्यात खरे रेशीम, सेमी सिल्क, आर्ट सिल्क असे नाना प्रकार एकाच फळीवर गुण्यागोविंदाने नांदत असतात. यांपैकी आर्ट सिल्क म्हणजे मागच्या पिढीचे कृत्रिम रेशीम, आणि ते काही लबाडीचे कापड नव्हे; लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोजचा तलम धागा काढणारा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आपल्या शहाडलाच उभा आहे, आणि त्या जातीच्या धाग्याने कित्येक सामान्य घरांतील समारंभ साजरे केले आहेत. प्रश्न फसवणुकीपेक्षा शिवण्याचा आहे, कारण या कापडांचे स्वभाव भिन्न: कृत्रिम रेशीम ओले झाले की दुबळे होते आणि अधिक लोंबते, खरे रेशीम घडी व इस्त्री धरून ठेवते, आणि पॉलिएस्टरमिश्रित कापड इस्त्रीला दाद देत नसल्याने टकांची टोके त्यात कधीच पुरती बसत नाहीत. खातरजमा करावयाची तर कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे काढून, मोकळ्या जागी, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत दूर नेताच ते विझू पाहते आणि मागे राहिलेली काळी गोळी बोटांनी चुरता येते. व्हिस्कोज कागदासारखे भरभर जळून जाते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गाठ बनते. जरीचा धागा मात्र या परीक्षेला घेऊ नये, त्यावरून काहीच निष्पन्न होत नाही. साडी नवी घेत असाल, तर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेली 'सिल्क मार्क'ची चिठ्ठी पाहून घेणे हा सर्वांत कमी धुराचा मार्ग.

साडीला जोडून आलेले ब्लाउजपीस बहुधा ८० सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि कोपरापर्यंतची बाही हवी असेल किंवा अंग भरलेले असेल, तर एवढ्यात बेतताना ओढाताण होते. म्हणून साडीपासून ते कापून घेण्यापूर्वीच कागदी तुकडे त्यावर मांडून पाहावेत. काठ बाहीच्या तळाला यावयाचा असेल, तर बाहीत कापडाचा उभा धागा आडवा जातो, आणि बाही दंडाभोवती थोडी वेगळी वागते, याचीही जाणीव असू द्यावी. अस्तराला तलम सुती कापड घ्यावे, मॅचिंग सेंटरमध्ये रंग जुळवताना दुकानाच्या दिव्याखाली न जुळवता दाराशी येऊन उजेडात जुळवावा, आणि घरी आणताच ते रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून, वाळवून, इस्त्री करूनच कात्रीखाली घ्यावे. हा शिरस्ता पुष्कळ जणी टाळतात. मग पहिल्या धुण्यात अस्तर आटते, रेशीम तेवढे आटत नाही, आणि काल चापून बसणाऱ्या ब्लाउजची पाठ आज जागोजाग फुगलेली दिसते. अशा वेळी दोष शिवणाऱ्या हाताच्या माथी मारला जातो, खरा अपराधी अस्तराच्या आत दडून बसतो.

मापे घेण्याच्या बाबतीत 'मापाचा ब्लाउज' नावाची जी वहिवाट आपल्याकडे रूढ आहे, तिच्याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. जुना सुती ब्लाउज वर्षानुवर्षांच्या धुण्याने अंगासरशी सैलावलेला असतो. त्यावरून काढलेले माप रेशमात तंतोतंत उतरवले की ते काचते, आणि जुन्या ब्लाउजमध्ये जो काही दोष असेल, त्याचीही इमानेइतबारे नक्कल होते. मापे अंगावरच घ्यावीत, जी अंतर्वस्त्रे त्या दिवशी वापरावयाची ती घालून घ्यावीत, आणि दुसऱ्या कोणाकडून घेववावीत, कारण स्वतःच्या पाठीचे माप स्वतः घेणारी स्त्री अजून जन्माला यावयाची आहे. छातीच्या मापाला टेप पाठीवर खाली घसरू देऊ नये आणि श्वास रोखू नये. छाती, छातीखालचा घेर, उंची, पाठीची रुंदी, दंडघेर ही मापे सगळ्याच जणी घेतात. ज्यांची हयगय होते ती दोन, खांद्यापासून उभाराच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर आणि दोन मध्यबिंदूंमधील अंतर. टक कोठे संपावयाचे ते याच दोन मापांवर ठरते, आणि ती अंदाजाने टाकली की पुढची सारी दुरुस्ती अंधारातली. विणलेल्या रेशमाला ताण सोसत नाही, म्हणून छातीच्या मापावर घेरात दीड ते दोन इंचांची सैल ठेवावी. ३६ छातीला पुढचा आणि मागचा प्रत्येक अर्धा भाग साडेनऊच्या जवळपास धरावा आणि बगलेच्या शिवणीसाठी आणखी दीड इंचाची माया सोडावी. गळ्याला पाव इंच आणि खांद्याला व मुंढ्याला अर्धा इंच माया पुरते. बगलेच्या मायेत मात्र कंजुषी करू नये. रेशमी ब्लाउज दहा-पंधरा वर्षे कपाटात राहतो आणि तेवढ्या काळात अंग काही एका जागी थांबत नाही.

आता मसुदा. मांजरपाट बेतावा, टक घालावेत, खांदे आणि बगला लांब टाक्यांनी जोडाव्यात, एक बाही लावावी, आणि हूकपट्टीच्या जागी टाचण्या लावून तो कच्चा ब्लाउज अंगावर चढवावा. आरशासमोर ताठ उभे राहून समाधान मानणे हा येथला सर्वसाधारण प्रमाद. ब्लाउज घालून स्त्री काही मूर्तीसारखी उभी राहत नाही. बदलापूरहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ६८ किलोमीटर लोकलने जाणारी स्त्री गर्दीच्या वेळी अर्धी वाट वरची कडी धरून काटते, आणि सणाच्या दिवशी कार्यालयात रेशमी साडी नेसून जावयाचे झाले, तर ब्लाउजची खरी कसोटी त्या कडीपाशीच लागते. म्हणून दाराच्या चौकटीची वरची पट्टी धरून उभे राहावे, वाकून जमिनीवरची वस्तू उचलावी, पाटावर बसून हात पुढे करावा, पदर खांद्यावर घेऊन पाहावा. या हालचाली करीत असता जेथे चुणी पडेल, जेथे काचेल, जेथे कापड अंगापासून सुटेल, तेथे पेन्सिलीने सरळ कापडावरच खूण करावी आणि एका वेळी एकच दोष दूर करावा. दोन दुरुस्त्या एकदम केल्या म्हणजे कोणत्या उपायाने काय झाले, याचा हिशेब लागत नाही.

हात वर करताच ब्लाउज वर चढणे आणि पोट उघडे पडणे, ही सर्वांत मोठी तक्रार. तिच्यावर घरगुती इलाज असा की मुंढा काचतो म्हणून तो आणखी खाली कापावा. याने तक्रार वाढते. मुंढा जितका खाली, तितकी बाही बगलेच्या शिवणीशी खाली बांधलेली. हात उचलला की ती सगळा ब्लाउज बरोबर घेऊनच वर येते. मुंढा काखेजवळ असेल, तर हात वर जाताना बाही तेवढी फिरते आणि धड जागच्या जागी राहते. ३६ छातीला छातीचा सहावा भाग अधिक एक, म्हणजे सात इंच, ही मुंढ्याची खोली प्रारंभी धरावी आणि कच्च्या ब्लाउजवर काखेखाली अर्धा-पाऊण इंचापेक्षा जास्त मोकळी जागा दिसली, तर मांजरपाटाचा तुकडा जोडून मुंढा वर आणावा. ऐकताना हा उपाय उलटा वाटतो. करून पाहिला की पटतो. मुंढा वर आणूनही दंडाशी आवळते असे दिसले, तरच बाहीकडे वळावे: बाहीच्या वरच्या गोलाईची उंची अर्धा इंच कमी करून दंडाशी रुंदी वाढवावी. मात्र हाताला मिळणाऱ्या या मोकळिकीच्या मोबदल्यात हात खाली असताना काखेत थोडी चुणी पडेल, ती पत्करावी लागते. पुतळ्यासारखी नितळ बाही आणि कडी धरणारा हात ही दोन्ही सुखे एकाच ब्लाउजमध्ये पुरतेपणी मिळत नाहीत. जिला लोकलचा प्रवास आहे तिने चुणी पत्करावी, जिला तासभर मंडपात बसावयाचे आहे तिने नितळपणा घ्यावा, असे माझे मत.

मुंढ्याचीच आणखी एक गोष्ट. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच अधिक आत कोरावा लागतो, कारण आपले हात पुढे जातात, मागे नव्हे. दोन्ही भाग एकावर एक ठेवून एकाच कात्रीत कापून टाकण्याची घाई केली की पुढे, खांदा आणि छाती यांच्या मध्ये, कापड गोळा होते आणि पाठीवर ओढ बसते. बाहीलाही पुढची बाजू अशीच अधिक कोरलेली असते, आणि रेशमाच्या दोन्ही बाजू पुष्कळदा सारख्याच चकाकत असल्याने उजवी बाही डावीकडे जाण्याचे प्रकार सर्रास घडतात. मग बाही पिळवटते आणि कारण उमगत नाही. बेतल्याबरोबर पुढच्या बाजूच्या मायेत रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला की हा घोटाळा मुळातच टळतो.

मुंढ्यापासून उभाराकडे तिरप्या चुण्या जात असतील, किंवा हूकपट्टी छातीपाशी फाकून कमरेशी मात्र सैल असेल, तर ब्लाउज लहान झाला असे समजून बगल सोडू नये. पुढच्या भागाला उभारासाठी पुरेशी खोली मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. टक मोठे करावेत आणि त्यासाठी लागणारे कापड नमुन्यातच उंची व रुंदी वाढवून द्यावे. भरलेल्या अंगाला साध्या चार टकांच्या ब्लाउजपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट बरा पडतो, कारण त्यात हीच खोली शिवणीच्या वळणात सामावते. तथापि कटोरीची गोल शिवण रेशमात चुण्यांविना बसवणे हे पहिल्याच खेपेला करावयाचे काम नव्हे. टक उभाराच्या मध्यबिंदूच्या पाऊण ते एक इंच अलीकडे संपवावा, शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेला लागून घ्यावेत, आणि तेथे उलटी टीप न मारता दोऱ्याची टोके लांब सोडून हाताने गाठ द्यावी. नाहीतर टोकाला जी चोच निघते, ती इस्त्रीनेही दबत नाही. हूक लावताना आधी एक हूक बरोबर उभाराच्या रेषेवर बसवावा आणि उरलेले त्याच्या वर-खाली समान अंतराने वाटावेत. वरपासून खाली मोजत गेले की नेमक्या ताणाच्या जागी दोन हुकांमधली फट येते.

गळा सुटणे आणि खांदा उतरणे या दोन व्याधी पुष्कळदा एकच समजल्या जातात, वस्तुतः त्या वेगळ्या आहेत. गळ्याची कड तिरप्या धाग्यावर असल्याने ती हाताळतानाच ताणली जाते, म्हणून कापल्याबरोबर, दुसरे काहीही करण्यापूर्वी, गळ्याच्या कडेने मायेत एक टीप मारून ती बांधून टाकावी. एवढे करूनही पुढचा गळा अंगापासून सुटत असेल, तर खांद्याच्या शिवणीत गळ्याकडच्या टोकाला पाव इंच अधिक दाबावे; उलट खांद्याच्या बाहेरच्या टोकाशी कापड गोळा होत असेल, तर मुंढ्याकडच्या टोकाला दाबावे. पण गळाच मुळात रुंद कापला गेला असेल, तर खांदा घसरणारच, आणि त्याला शिवणीत उपाय नाही. मागे दोरी बांधून, तिला लटकन लावून, हा दोष शोभेच्या वस्तूत रूपांतरित करण्याची जी क्लृप्ती शिंप्यांनी काढली आहे, तिला दाद दिली पाहिजे. तथापि मसुद्यात गळा अर्धा इंच अरुंद ठेवला असता तर दोरी ही हौस राहिली असती. पाठीवर गळ्याखाली आडवी वळी पडते तेव्हा पाठीचा भाग उंचीने जास्त झालेला असतो. ती वळी चिमटीत धरून मोजावी आणि नमुन्यातून वजा करावी.

अशा रीतीने मांजरपाट अंगाला बसला की तो उसवून, इस्त्री करून, त्याचेच तुकडे नमुना म्हणून अस्तरावर आणि रेशमावर मांडावेत. रेशीम दुमडून दोन पदरी कापू नये. खालचा पदर सरकतो आणि डावे-उजवे भाग असमान निघतात. टाचण्या बारीक घ्याव्यात आणि त्या मायेतच टोचाव्यात. मेणाचा खडू इस्त्रीखाली डाग सोडतो, म्हणून साधा खडू, तोही उलट्या बाजूने, किंवा दोऱ्याच्या खुणा. मग रेशमाचा प्रत्येक भाग त्याच्या अस्तरावर ठेवून कडेने मायेत कच्चा दोरा घालावा आणि दोन्ही मिळून एकच कापड आहे असे समजून पुढे शिवावे. अस्तर आणि रेशीम वेगवेगळे शिवून आत ढिले सोडले, तर सगळा ताण रेशमावर येतो आणि बगलेशी धागे सरकतात. एकत्र धरले की ताण अस्तर सोसते.

यंत्रात नवी सुई घालावी, अकरा नंबरची, अगदी तलम रेशमाला नऊची. जरीच्या काठातून गेलेली सुई बोथट होते आणि पुढच्या साध्या रेशमात धागे ओढू लागते, म्हणून काठाचे काम शेवटी ठेवावे किंवा त्यानंतर सुई बदलावी. दोरा बारीक, कापडापेक्षा मजबूत नसलेला. ओढ बसली तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. एका इंचात दहा ते बारा टाके पडावेत. आधी चिंधीवर टीप मारून पाहावी, आणि शिवण गोळा होत असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा कमी करावा. तरीही गोळा होत असेल तर कापडाखाली पतंगी कागदाची पट्टी घेऊन शिवावे आणि नंतर ती अलगद फाडून काढावी. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवली नाहीत, तर तलम कापड सुईच्या भोकातून खाली ओढले जाते. विजेच्या यंत्रापेक्षा पायाने चालणारे यंत्र या कामाला मला अधिक विश्वासू वाटते. एकेक टाका मोजून घालता येतो, आणि पावसाळ्यात वीज गेली तरी हातचे काम अर्धे राहत नाही.

बगलेची पहिली टीप हेतुपुरस्सर सैल मारावी. रेशमी ब्लाउज मोठ्याकडून लहानाकडे यावा, कारण आत दाबले तर जुन्या टिपेची भोके मायेत जातात आणि दिसत नाहीत, बाहेर सोडले तर ती उघड्यावर येतात. जुन्या ब्लाउजमध्ये तर मायेतला न विटलेला रंगही पट्ट्यासारखा उमटतो. उसवणे भागच पडले, तर खालच्या दोऱ्याचा दर तिसरा-चौथा टाका बारीक टोकाच्या कात्रीने तोडावा आणि वरचा दोरा सरळ ओढून घ्यावा. दोन पदर हाताने फाकवून उसवण्याने जाळी पडते. राहिलेली भोके नखाने उलट्या बाजूने हलकेच घासून, वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली, तर विरळ विणीच्या रेशमात बरीचशी मिटतात, दाट विणीत खूण राहते. ती गळ्याजवळ असेल तर पायपिंगखाली किंवा काठाच्या उरलेल्या पट्टीखाली जाते. मुंढा अतोनात खाली कापला गेला आणि रेशीम शिल्लक नाही, अशा अडचणीत जुन्या अंगरख्यांतील चौबगल्याची आठवण ठेवावी: काखेत तिरप्या धाग्यावर कापलेला लहान चौकोनी तुकडा बसवला की हात मोकळा होतो, आणि काखेतला जोड कोणी पाहावयास येत नाही. रेशमाची चिंधी न मिळाल्यास त्याच रंगाच्या अस्तराचाही चालतो. एवढ्या सगळ्यावरही पाठीची रुंदीच कमी पडली असेल, तर मात्र हट्ट सोडून ब्लाउज शिंप्याकडे न्यावा. मधोमध जरीची पट्टी घालून पाठ वाढवण्याचे काम पहिल्या खेपेच्या हाताचे नाही.

हंगामाचाही विचार असावा. जून ते सप्टेंबर या भागात, विशेषतः बदलापूरकडे, हवा इतकी दमट असते की बोटांचा घाम रेशमाला लागल्यावाचून राहत नाही आणि भिंतीलगतच्या कपाटात कापडाला कुबट वास धरतो. दसऱ्यानंतर बेतावयास घेतलेला ब्लाउज सावकाश शिवूनही महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे १०६० सालच्या त्या प्राचीन शिवालयापाशी अंबरनाथची मोठी यात्रा भरते तोपर्यंत, हूक लागून तयार होतो. रेशमावर पाणी शिंपडून इस्त्री करू नये, हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही बजावून सांगावे. बगलेत सुटे सुती पॅड टाचावेत, अत्तर जरीवर मारू नये, आणि घरी येताच ब्लाउज उलटा करून रात्रभर पंख्याखाली ठेवल्यावाचून घडी घालू नये.

मांजरपाटाचे ते तुकडे फेकून देऊ नयेत. त्यांवर तारीख, छातीचे माप, मुंढा किती वर घेतला, डावा खांदा उजव्यापेक्षा किती उतरता निघाला, कोणता टक किती वाढवला, असा सारा तपशील पेन्सिलीने लिहून, नाडीने बांधून, शिवणाच्या पेटीच्या तळाशी ठेवावेत. पुढचे ब्लाउजपीस आणाल तेव्हा टेपने छाती आणि छातीखालचा घेर तेवढा पुन्हा पडताळून पाहावा, आणि फरक अर्ध्या इंचाच्या आत असेल तर थेट अस्तर भिजत घालावे.